कणकेवरची पाच बोटं

परशुराम बुवांना संशय घ्यायला फारसं निमित्त लागत नसे. ह्या खेपेस तर ते संचिताच्या कॉम्प्युटरवर समोरच दिसत होतं.

तीस वर्षं भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे सामने, गाजवल्यावर बुवांच्या गजरांचा पहिला अल्बम मोबाइलवर येणार होता. कव्हरचं काम जामसंड्यात बॅनर छापणाऱ्या संचिताकडे. बुवांची मागणी साधीच होती: मधोमध आपण, डोक्याला फेटा, हात जोडलेले, मागे देऊळ. संचिताने ते केलंच, पण शेजारी आणखी एक करून ठेवलं. काळ्या रंगावर पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापलेली ओली कणीक, आणि तिच्यात उमटलेली पाच बोटं. बस्स.

"ही बोटां कोणाची गो?"

"भिकाजीकाकांची. पखवाज तेच वाजवतत ना?"

बुवांनी मनातल्या मनात बेरीज केली. मागच्या बारीत टाळ्या भिकाजीच्या हाताला जास्त. मंगळवारी त्याची स्कूटर ह्याच दुकानासमोर. वर ही संचिता त्याच्या मावसभावाची सून!

"आवाज माझो, गजर माझे, आणि कव्हरार भिकाजी?"

"बुवानू, तोंडां सगळ्यांच्याच बॅनरार असतत. कणीक बघली काय कानात पखवाज वाजता."

पढवलेली पोपटीण, बुवा मनात म्हणाले. दोन्ही चित्रं मोबाइलवर घेऊन ते थेट मासळीबाजारात गेले. तिथली मासे विकणारी सुगंधा ना बुवांच्या नात्यातली, ना भिकाजीच्या. बुवांनी फेटेवालं चित्र तिच्यापुढे धरलं. अंगठ्याच्या नखाएवढं ते चित्र बघून सुगंधाचा चेहरा पडला.

"अरे देवा! कधी गेले ओ?"

"कोण?"

"ह्ये, फोटोतले."

बुवांनी घाईने दुसरं काढलं.

"ही पखवाजाची कणीक! बारी खंय आसा, बुवानू? आमी सगळ्या जणी येतलंव."

बुवांनी परतीच्या वाटेवर सुगंधाच्या माहेरापर्यंत भिकाजी शोधून पाहिला. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचिताला गाठलं. "कणीक रवांदे. पण बोटां माझी. आणि भिकाजीक कळता नये."

दुकानातच कणीक तिंबली गेली. पखवाजही उसना आला. बुवांनी बाही सारली आणि पेटीच्या सुरांवर फिरणारा आपला हात कणकेत ऐटीत दाबला. अल्बम एकादशीला आला.

भिकाजीने मोबाइल जवळ धरला, लांब धरला, मग बुवांकडे बघितलं.

"कणकेर डावो हात पडता, बुवानू. ह्यो उजवो. आंगठो बघा खंय आसा तो."

बुवांनी उजवा हात पाठीमागे नेला. "बदलूक सांगतंय तिका."

"छा! बदलू नकात." भिकाजी इतक्या गोडीने म्हणाला की बुवांना नवाच संशय आला.

मग कारण कळलं. जामसंड्यापासून शिरोड्यापर्यंत पखवाज जाणणारा प्रत्येक जण त्या चित्रापाशी थबकत होता, वाद घालत होता, आणि शेवटी भिकाजीला विचारत होता. भिकाजी प्रत्येकाला आदराने हाताच्या मालकाचं नाव सांगत होता.

आता बुवांच्या बारीला गर्दी मावत नाही. गजर रंगात आला की पुढच्या रांगेतला कोणी तरी मोबाइल वर धरतो आणि एक डोळा मिटून, पेटीवर फिरणाऱ्या बुवांच्या हाताशी तो अंगठा जुळवून बघतो.