हलका बीम

"बीम खाली पडला," केसरीनाथ म्हणाला आणि साफ केलेला बोंबील परातीत टाकला. "पन हलका व्हता. म्हनून कोनाला लागलं न्हाय."

वैशालीचे बोट पुस्तकातल्या ओळीवरच राहिले. अ बीम ऑफ लाइट फेल ऑन द फ्लोअर. उजेडाचा झोत जमिनीवर पडला, असा अर्थ क्षितिजाबाईंनी दुपारीच क्लासमध्ये फळ्यावर लिहून दिला होता. तिने नवऱ्याकडे पाहिले. गुडघ्यावर फडके टाकून, बाह्या सरसावून तो बसला होता आणि चेहरा मात्र हेडमास्तरचा होता.

"बराबर हाय ना?"

"हाय," वैशाली म्हणाली. माणसाने खोटे बोलताना निदान अडखळावे, पण तिला तेवढेही सुचले नाही.

"त्यात बाई काय शिकवनार? जलमभर आमी तेच चढवतो. भरलेला बीम उचलायला मानसं जमवावी लागतात. सूत संपत आलं का बीम लाइट, म्हंजे हलका."

कामतघरात, त्या यंत्रमागांच्या वस्तीत, बीम म्हणजे लूमच्या मागे बसणारा, ताण्याचे सूत गुंडाळलेला जाडजूड रूळ. या शब्दाला दुसराही अर्थ असेल, हे तिथे कुणाच्या मनात यायचे कारणच नव्हते. केसरीनाथचा छोटा कारखाना घरामागेच होता आणि त्याच्या खडखडाटात उजेडाबिजेडाचा विचार करायला सवड कुणाला होती?

दहावीचा इंग्रजीचा पेपर तेवढा वैशालीचा राहून गेला होता. लग्न झाले, मुले झाली, मुले मोठी झाली, पेपर तसाच. तिने धामणकर नाक्यावरच्या क्लासचे नाव काढले तेव्हा केसरीनाथ म्हणाला होता, "आता कलेक्टर व्हायाचंय काय गो?" आणि सासू धोंडूबाईंनी त्यावर मान हलवली होती. तरी ती गेली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिचे दुखणे नेमके सांगितले. वापरातले शब्द तुम्हाला येतात, प्रश्नपत्रिकेतले येत नाहीत. शिफ्ट, ड्युटी, डॅमेज तोंडात बसलेले. डिस्क्राइब आणि कम्पेअर दिसले की घाम फुटायचा.

मग एके दिवशी केसरीनाथने सहज तिचे पुस्तक उघडले आणि त्याला त्यात लूम सापडला. दुसऱ्या पानावर शिफ्ट. परक्या गावात ओळखीचे माणूस भेटावे तसा तो हरखला. त्या दिवसापासून तिला क्लासला सोडणे, आणणे आणि आल्यावर तिने अभ्यासाला बसावे म्हणून मासळी साफ करणे, ही सगळी त्याचीच ड्युटी झाली. रोज विचारायचा, "आज आपला कंचा शब्द आला?" धोंडूबाई म्हणाल्या, पोराला याड लागलंय. पण त्याही मागून कान देऊन ऐकायच्या.

वैशालीला या वेडाचे फार सुख होते. नवरा शेजारी बसून काही शिकवतो आहे, असे तिच्या संसारात आधी कधी घडले नव्हते. झोत सांगितला असता तर तो ओशाळून उठला असता आणि पुन्हा पुस्तकाजवळ फिरकला नसता. मग क्लासचे काय, पेपरचे काय? तेव्हा बीम हलकाच राहिला.

पेपरच्या दोन दिवस आधी मात्र केसरीनाथ गप्प झाला. शब्द विचारीना, नजरेला नजर देईना. कारखान्याचे काही असेल, असे तिने धरले. परीक्षेला सोडताना गेटवर तो फक्त म्हणाला, "सावकाश लिव."

ती बाहेर आली तेव्हा तो तिथेच उभा होता.

"कसा गेला?"

"बरा गेला."

"बीम आला व्हता काय?"

"आला की. त्याच वाक्याचं मराठी करायचं होतं."

"मंग? काय लिवलंस?"

वैशालीला वाटले, आजच्या दिवसाला बट्टा कशाला. "तुमी सांगितलं तेच."

केसरीनाथ मटकन स्कूटरच्या सीटवर बसला. "वाट लावली मी तुझी. चुकीचं व्हतं ते. परवा आपला हिसाब लिवनाऱ्या मेहताजींना ऐटीत सांगाया गेलो तर ते हसून हसून खुर्चीतनं पडले. उजेडाचा झोत असतो तो. पेपर तोंडावर आलेला, आता सांगून तुला कशाला गोंधळात पाडू, म्हनून गप बसलो. वाटलं, येनार न्हाय." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले. "एका पेपरासाठी इतकी वर्सं थांबलीस, आनि मी..."

"अहो, झोतच लिवलाय."

त्याने मान वर केली.

"बाईंनी तुमच्या आधीच सांगितला होता."

"मंग इतके दिस मान कशाला डोलवत व्हतीस?"

"तुमी शिकवत होता ना," वैशाली म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याने आधी रागावून पाहिले. मग त्यालाही हसू आवरेना. शेजारचे पालक बघायला लागले तेव्हा दोघांनी घाईने स्कूटर सुरू केली.

धामणकर नाक्यावर नेहमीचीच कोंडी होती. रिक्षांच्या गर्दीत स्कूटर अडकली. समोर एका हॉटेलाची नवी पाटी होती. केसरीनाथने ती अक्षराला अक्षर लावून वाचली, "लाइट रिफ्रेशमेंट." मग मागे वळून म्हणाला, "उजेडाचा नाश्ता."

"न्हाय," वैशालीने या वेळी लगेच सांगितले. "इथं लाइट म्हंजे हलका."

सिग्नल सुटला. मागचे रिक्षावाले हॉर्न देऊ लागले, पण केसरीनाथला कसलीच घाई नव्हती.

"हलका ना?" तो म्हणाला. "मंग मी काय येगळं सांगत व्हतो?"