दिलदारभाईंनी लावलेला गेन

अब्बांच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी अझहरनं गाड्यांच्या स्टिरिओच्या दुकानाचं शटर वर केलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते भांडायलाच.

राधानगरीकडचे गणपतराव. गावोगावचे प्रवासी भरून वडापची जीप चालवायचे. शिवाजी पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत त्यांनी जीप आडवी लावली, दार सताड उघडं ठेवलं आणि म्हणाले, "ऐक. तुझ्या कानानं ऐक."

आत गाणं चालू होतं, पण ऐकू येत होती नुसती ढबढब. गाणारी बाई जणू रजईत तोंड घालून गात होती.

"ट्वीटर जळाल्यात," अझहर म्हणाला. बारीक आवाज काढणारे छोटे स्पीकर गेले होते.

"ते मलाबी कळतंय की! दोन म्हैन्यांत जळत्यात व्हय? दिलदारभाईचं काम म्हणून हितवर आलतो मी. न्हायतर आमच्यात काय दुकानं न्हाईत?"

"पावणं, अब्बांनी लावलेलं जळत न्हाय. ड्रायव्हरनं गेन फिरवला असंल."

"माझ्या गाडीला ड्रायव्हर मीच!"

"मग तुमीच फिरवलाय."

"आता गं बया! बाप मेला तसं तोंड सुटलं व्हय रं तुझं?"

शाहिस्ता आत कपाटातल्या वायरी गुंडाळून ठेवत होती. ती अझहरची थोरली बहीण, गडहिंग्लजच्या कॉलेजात ग्रंथपाल. दुपारच्या एसटीनं ती परत जाणार होती. बाहेरचं ऐकून तिनं काउंटरवरची बॅटरी उचलली. अब्बांच्या कामावर कुणी बोट ठेवलं तर त्याचं उत्तर कुठं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

गेन म्हणजे अँप्लिफायरवरचा एक बारका स्क्रू. स्टिरिओतला आवाज किती उचलायचा ते त्यावर ठरतं. अब्बा आधी तो शून्यावर न्यायचे, स्टिरिओ मोठा करायचे, मग पेचकसानं गेन हळूहळू वर आणायचे. आवाज फाटायला लागला की केसभर मागं, नाहीतर ट्वीटर जळतात. दुसरे लोक मीटर लावायचे, अब्बा मान तिरकी करून डोळे मिटायचे. आणि झालं की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक थेंब, निम्मा स्क्रूवर, निम्मा डब्यावर. कुणी स्क्रू हलवला की थेंबाला चीर पडणार. थेंब तुटलेला असला तर दिलदारभाई बांधील नाहीत, हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं.

"आपा, तू कशाला? मी बघतो की," अझहर घाईनं म्हणाला.

पण ती जीपमध्ये शिरून सीटखालच्या अँप्लिफायरवर वाकली होती. बॅटरीच्या उजेडात थेंब दिसला. अखंड होता, कुठं रेघसुद्धा नव्हती. आणि त्याच्याखालचा स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला होता.

तिनं मान वर केली. अझहर तिच्याकडंच बघत होता. गणपतरावांची त्यांच्याकडं पाठ होती. त्यानं अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटावर घासून दाखवलं. खरवडून टाक.

एका नखाचं काम होतं. गणपतराव शिव्या देत निघून गेले असते आणि पेठेत अब्बांचं नाव होतं तसं राहिलं असतं. तिचं नख थेंबावर टेकलंसुद्धा. मग तिनं हात मागं घेतला.

"अझहर, आत ये जरा."

आत आल्यावर तिनं हळू विचारलं, "तुला आधीच माहीत होतं?"

"दीड वर्ष झालं. बारीक आवाज त्यास्नी येतच नव्हता. फाटलेलं बी कळायचं न्हाय. ते नमाजला गेले की मी गेन खाली आणायचो अन् नवा थेंब लावायचो. ही गाडी केली तवा मी मिरजेला लग्नाला गेलतो."

"आणि अब्बांना कळलं होतं?"

"काय म्हाईत. एकदा नेलपॉलिशची बाटली उजेडात धरून म्हणले, लवकर संपाय लागली ही. तेवढंच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दवाखान्यात नेलं असतंस. कानात मशीन घातलं असतंस. मग मशीनवाल्याकडं गाडी कोण आणतंय गं?"

शाहिस्ता स्टुलावर बसली. गेल्या पावसाळ्यात तिच्या छातीत गाठ लागली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं अब्बांना फोन करून सांगितलं, आवाज बारीक झाला होता तिचा. अब्बा म्हणाले होते, "चांगलं झालं बेटा, चांगलं झालं." गाठ साधी निघाली. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. रविवारचा फोन पंधरा दिवसांनी होऊ लागला, मग महिन्यानं. आपण कुणावर रुसलोय हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती, तरी ते ऐकू गेलं असतं का?

"आपा, सांगू नको त्या पावण्यास्नी," अझहर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मेल्या माणसाचं एवढं एक नावच हाय."

ती उठली. "ते गृहस्थ खोटं बोलले नाहीत, अझहर. तू त्यांना खोटं पाडलंस."

बाहेर जाऊन ती गणपतरावांसमोर उभी राहिली. "काका, तुम्ही काही फिरवलं नाही. चूक आमची आहे. अब्बांना शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं."

गणपतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "व्हय का," ते म्हणाले. मग, "आमच्या मेव्हण्याच्या दोन गाड्या हाईत त्यांनीच केलेल्या. त्यास्नी सांगाय पायजे मग."

"सांगा," ती म्हणाली.

आता ही गोष्ट राधानगरीला जाणार होती आणि तिथून कुठं कुठं. अझहरनं नवे ट्वीटर बसवले. तिच्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. पेचकस घेऊन तो सीटखाली वाकला, तेव्हा ती म्हणाली, "थांब. आधी आहे तसंच वाजव."

"नवे हाईत. जळतील."

"एवढ्यात नाही जळत. वाजव."

त्यानं गणपतरावांकडं बघितलं. "वाजव की," ते म्हणाले.

ती पुढच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं. आवाज सुरू झाला तो पत्रा फाडल्यासारखा. शब्द कळेना, चाल कळेना, दातात कळ गेली. काचेपलीकडं गणपतरावांनी कानावर हात ठेवले. याच सीटवर बसून, डोळे मिटून, अब्बा म्हणाले असतील, आता कसं साफ आलं.

अझहरनं काचेवर टकटक केली. तिनं मान हलवली. अजून नाही.