पुढचं दार

"दहा मिनिटं सायकल मारली की आपलं घर, आणि तू हॉटेलात मुक्कामाला निघालीस?" मी म्हणालो. "लोक हसतील, हिली."

"हसू देत. त्याच लोकांची तिकिटं फाडण्यात माझा जन्म गेलाय."

हिली, माझी बायको, टेबल पुसत होती. जिथे डाग नव्हता तिथेच जास्त जोर लावत होती. याचा अर्थ बेत पक्का झालेला होता आणि मला फक्त विचारल्यासारखं केलं जात होतं. फ्रिजवर चुंबकाखाली ते पाकीट निवृत्तीच्या दिवसापासून तसंच होतं. चकवा पार्क या पाळण्यांच्या मनोरंजन बागेने फुलांच्या गुच्छाबरोबर तिला पार्कच्याच हॉटेलातला एक दिवसाचा मुक्काम भेट दिला होता. ज्या ताटात आयुष्यभर वाढलं, त्याच ताटातला एक घास.

"आणि खोली कुठली घेणार?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"आईचीच."

सांगायला हवं. चकवा पार्क उभं आहे ते आमच्या जुन्या वस्तीवर. वाळवून चुलीत जाळायच्या काळ्या जळाऊ मातीची दलदल, मधून एक कालवा, काठावर सात-आठ घरं. धुक्यात दलदलीवर उजेड हलायचा आणि परक्या माणसाला वाट सोडून नेऊन बुडवायचा, म्हणून मुलखाला चकव्याचा मुलूख म्हणायचे. हिलीचं घर आणि माझं घर शेजारी शेजारी. पुढे पार्कवाले आले, सगळ्यांनी घरं विकली, आम्हीही विकली. घरं पाडली गेली. मग काही वर्षांनी पार्कला हॉटेल बांधायचं होतं, आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की तीच वस्ती पुन्हा उभारायची, एकेक घर म्हणजे एकेक खोली. आमच्याकडून जुने फोटो मागून नेले. फोटो आम्ही हौसेने दिले, वर केकही खाऊ घातला.

हिलीच्या आईचं घर आता 'आजी रूलोफ्येचं घर' झालं होतं. खिडकीत एक यंत्राची म्हातारी बसवली होती, निळा एप्रन घातलेली, दिवसभर बटाटे सोलणारी. मुलांना ती फार आवडते. हिली मात्र फाटकावर कामाला जाताना बटाट्याच्या चिप्सच्या गाडीला वळसा घालून जायची, त्या खिडकीसमोरून कधीही नाही.

आणि आता तिथेच राहायला जायचं म्हणत होती, ते हार्मसाठी.

हार्म तिचा थोरला भाऊ. उभं आयुष्य दुधाचा टँकर चालवला, कधी एक थेंब सांडला नाही असं स्वतःच सांगायचा. आता गावातल्या वृद्धाश्रमात असतो आणि रविवारी आमच्याकडे कॉफीला येतो. गेल्या वर्षापासून त्याच्या डोक्यातला एकेक दिवा विझत चालला आहे. टेबलावर आमचे तीन कप मांडले की तो उठून चौथा आणतो, भरतो आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवतो. "आई येईलच आता." मग तो कप निवत जातो, आणि हार्मचा चेहरा काळजीने ओढत जातो. "हिली, मला घरी ने. ती वाट बघत असेल." हिली दर वेळी म्हणते, "उद्या नेते हं." वृद्धाश्रमातल्या नर्सनेच तसं सांगून ठेवलं होतं. आई जाऊन किती वर्षं झाली हे त्याला सांगायचं नाही. कारण दर वेळी त्याला ते नव्यानेच कळणार.

"तो दर रविवारी मला विचारतो," हिली फडकं पिळत म्हणाली. "दर रविवारी मी खोटं बोलते. एकदा तरी त्याला घरी नेऊ दे."

"ते घर नाही, हिली. सोंग आहे."

"त्याला काय कळतंय?"

"बरं, नाही कळलं. मग तिथून परत कसा आणशील त्याला? आत आई दिसली नाही तर काय सांगशील?" मी थांबायला हवं होतं, पण माझी जीभ कधी वेळेवर थांबलेली नाही. "आणि दिसली तर?"

हिलीने फडकं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "तू ये किंवा येऊ नकोस. मी नेणार."

मी गेलो. बायकोने असं म्हटल्यावर न जाणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

नोव्हेंबरातली दुपार होती, तरी धुक्यामुळे पार्कातले दिवे लागले होते. पाळणे धुक्यात अर्धेच दिसायचे. माणसं किंचाळत वर जायची आणि वरून आवाज यायचाच नाही. हॉटेलच्या काउंटरवर फेने नावाची तरुण पोरगी होती, डोक्यावर आमच्या आज्यांची असायची तशी पांढरी टोपी. तिने कार्ड दिलं. "पुढच्या दाराला हे लावायचं, की हिरवा दिवा लागतो. मजा करा!"

'पुढच्या दाराला' म्हटल्यावर मी आणि हिलीने एकमेकांकडे पाहिलं. तेव्हाच माघारी फिरायला हवं होतं.

आमच्या वस्तीत सगळी ये-जा मागच्या दाराने. गाईंच्या बाजूने, चिखलाचे बूट काढून. पाद्री आला तरी मागूनच. पुढचं दार असायचं, रंगवलेलं, पितळी कडीचं, पण ते उघडायचं दोनदाच: घरातून नवरी निघाली की, आणि शवपेटी निघाली की. हिली त्या दारातून पांढऱ्या कपड्यात बाहेर आली तेव्हा मी समोर उभा होतो, नवे बूट पायाला चावत होते. तिची आई नेहमी म्हणायची, "मी जाईन ती पुढच्या दाराने. त्याआधी कुणी मला इथून हलवायचं नाही." पण घर विकलं गेलं आणि म्हातारी वृद्धाश्रमात गेली. तिथेच वारली, तेव्हा लिफ्टमधून तिला खाली आणली, धुण्याच्या गाड्या उभ्या असतात त्या बाजूने. हार्म तेव्हा चांगला शुद्धीत होता. शवपेटीला आडवा उभा राहून तो म्हणाला होता, "हे चुकीचं दार आहे." कुणी ऐकलं नाही. कुणाला वेळ होता!

घर धुक्यातून एकदम समोर आलं. विटा तशाच, शेवाळसुद्धा तसंच. खिडकीत पिवळा उजेड आणि त्यात ती निळ्या एप्रनची म्हातारी. मान खाली, मधूनच हलते, हात चालतोय. मान हलवण्याची ढब कुणी यांना सांगितली असेल? फोटोत मान हलत नाही.

हार्म थांबला, खुलला. "धूर दिसत नाही," एवढंच म्हणाला आणि सरळ घराच्या कडेने मागे निघाला. मी त्याच्या मागे.

मागे घर नव्हतं. राखाडी भिंत होती, बिनखिडक्यांची, आणि जाळ्यांतून गरम हवा बाहेर येत होती, इस्त्रीच्या कपड्यांच्या वासाची. हार्मने भिंतीला तळवा लावला. मग दुसरा. आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा तो ती भिंत चाचपत गेला, पार टोकापर्यंत.

"दार बुजवलंय, लामर्त," तो म्हणाला. "आत कशी जात असेल ती?"

"पुढे चल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

आम्ही पुढे आलो तेव्हा हिलीने कार्ड लावलं होतं. हिरवा दिवा लागला होता आणि पुढचं दार सताड उघडं होतं.

हार्मने डोक्यावरची टोपी काढली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

हार्म दाराकडे बघत होता, मग खिडकीकडे, मग पुन्हा दाराकडे. त्याचा आवाज अगदी स्वच्छ होता, टँकर चालवायचा तेव्हाचा. "हिली, पुढचं दार उघडं आहे. कोण गेलं?"

मला वाटलं ती म्हणेल, उद्या सांगते हं.

"आई," हिली म्हणाली. "आई गेली, हार्म."

"कधी?"

मी वर्ष सांगणारच होतो. हिलीने माझ्या पायावर पाय दिला. "आत्ताच," ती म्हणाली.

हार्मने मान डोलावली. टोपी छातीशी धरून तो पुढच्या दाराने आत गेला, आणि त्याच्या मागून आम्ही.

आत सगळं होतं तसं होतं, आणि त्याचंच भय वाटत होतं. निळ्या-पांढऱ्या फरशा, त्यातली एक तडकलेली, आमच्याच चेंडूने तडकली होती तशीच, त्याच जागी. भिंतीतला कपाटासारखा पलंग, दाराचा. लंबकाचं घड्याळ. छताच्या फटीतून जळत्या मातीचा वास सोडलेला. आणि खिडकीलगतच्या फळीमागून, जिथे ती म्हातारी बसवलेली होती तिथून, सोलण्याचा आवाज. खर्र. खर्र. थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

घरात कुणी गेलं की आमच्याकडे जे करतात त्या कामाला हार्म लागला. पडदे ओढले. आरशावर टॉवेल टाकला. मग घड्याळापाशी गेला आणि लंबक बोटाने धरून थांबवला.

फळीमागचा आवाज थांबला.

पार्क बंद झालं की यंत्रं बंद करत असतील, मी मनाशी म्हणालो. पण बाहेर पाळण्यांचं संगीत चालूच होतं. हिली माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"शेजाऱ्यांना सांगायला हवं," हार्म म्हणाला, आणि मी उठायच्या आत बाहेर जाऊन त्याने शेजारच्या खोलीचं दार वाजवलं.

शेजारची खोली म्हणजे माझं घर. त्यातून गेंट शहराकडचा एक पाहुणा माणूस बाहेर आला, केस ओले, हातात मुलाची पोहायची चड्डी. आत पोरं पलंगावर उड्या मारत होती.

"शेजारी, आई गेली," हार्म म्हणाला. "सकाळी न्यायचंय."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाशी बोट नेऊन खूण करणार होतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय अशी. हात अर्ध्यावर गेला, आणि हार्मच्या छातीशी धरलेली टोपी मला दिसली. मी हात खाली घेतला. मला माझीच लाज वाटली.

"आमच्याकडे घरच्यांनी खांदा द्यायचा नसतो," हिली माझ्या मागून म्हणाली. "शेजारी देतात. घरचे मागून चालतात." "तुम्हाला नाही जमणार, ठाऊक आहे मला. सुट्टीवर आलात तुम्ही."

त्या माणसाने हातातली चड्डी बघितली, जणू ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"सकाळी किती वाजता?" त्याने विचारलं.

हार्म रात्रभर त्या भिंतीतल्या पलंगापाशी खुर्ची घेऊन बसला. पलंगावर कुणीही झोपलं नाही.

सकाळी गेंटचा माणूस गडद कोट घालून आला. केस विंचरले होते. त्याची बायको आणि मुलं बाहेर उभी होती. धाकट्या मुलीच्या डोक्यावर पार्कातली शिंगांची टोपी होती, आईने ती हळूच काढून घेतली. हार्मने मला पलंगाच्या उजव्या अंगाला उभं केलं. "लामर्त, तू इकडून. तू आमचा शेजारीच. शेजारी, तुम्ही तिकडून. पायांची बाजू आधी बाहेर."

मला वाटत होतं मी हसेन. साठ वर्षं मी सगळ्याची थट्टा करत आलोय, माझ्या बापाच्या अंत्ययात्रेतही केली होती. आम्ही दोघं वाकलो, काहीच नसलेलं उचललं आणि खांद्यावर घेतलं.

दार अरुंद होतं. उंबऱ्यावर गेंटचा माणूस तिरका झाला, त्याने दम घेतला, आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "जड आहे हो."

"हो," मी म्हणालो. जड होतं.

मागून हार्म आणि हिली, हातात हात. हिली रडत होती, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. वृद्धाश्रमाच्या लिफ्टपाशी ती रडली नव्हती. फाटकाकडे निघालेले लोक थांबले. काहींना वाटलं असेल हा पार्कचाच खेळ आहे. एका माणसाने फोन वर केला आणि मग, का कोण जाणे, खिशात टाकला. खिडकीचा पडदा ओढलेला होता. कालव्याच्या वळणावर हार्मने हात वर केला. आम्ही ओझं खाली ठेवलं. माझा खांदा दुखत होता, अजून दुखतो.

हार्मने परत जाऊन पुढचं दार ओढून घेतलं. दिवा लाल झाला.

"आता कॉफी," तो म्हणाला. मातीनंतर कॉफी द्यायची असते.

नाश्त्याच्या दालनात गर्दी होती, कागदी मुकुट आणि पॅनकेकचा वास. आम्ही तिघं कोपऱ्यात बसलो. हार्म उठून कॉफी आणायला गेला आणि ट्रेवर चार कप घेऊन आला. हिलीने डोळे मिटून घेतले. मी मनाशी म्हणालो, झालं, इतकं करून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हार्मने तीन कप आमच्यात मांडले. चौथा हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि एक थेंब न सांडता दालन ओलांडून गेंटच्या माणसाच्या टेबलापाशी गेला.

"घ्या, शेजारी."

बशीत एक बिस्कीट ठेवलं, एकच, आमच्याकडे ठेवतात तसं. मग तो परत येऊन आपल्या जागी बसला आणि स्वतःची कॉफी पिऊ लागला.