घरात खुंटीवर, उन्हात तोंडावर

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. चऱ्होलीला बाळांच्या लसीची रांग लागली होती. शेजारून एक बाई म्हणाली, “आजी, नातवाला टोपी घाला की. ऊन लागतंय त्याला.”

माझ्या आतला चेहरा एकदम गरम झाला. मला लगेच कळलं, कारण मी त्या चेहऱ्यालाच गुंडाळलेला होतो. मी स्कार्फ बोलतोय. सुती, जांभळ्या फुलांचा. जिला आजी म्हटलं ती माझी मालकीण स्वरूपा, वय वर्षं एकोणतीस. कडेवर तिचा पहिलाच मुलगा चिकू, नऊ महिन्यांचा.

त्या बाईचं तरी काय चुकलं? तिला दिसत होते फक्त डोळे. बाकी सगळं मी झाकलेलं.

पिंपरी कॅम्पातल्या एका हातगाडीवरून रणजीतनं, म्हणजे स्वरूपाच्या नवऱ्यानं, मला घेतलं. दोघं लातूरकडून नवीनच आलेली. “इकडं गाडीवर सगळ्याच बायका तोंड बांधतात,” तो म्हणाला. तेव्हापासून रोज स्कूटीवरून चऱ्होली ते चाकण, कंपनी ते घर, मी तिच्या तोंडावर. धूर मी गिळला, धूळ मी खाल्ली. तिचे गाल लग्नातल्यासारखेच राहिले. पण समोरून येणाऱ्या कंटेनर-ट्रकच्या काचेवरून ऊन यायचं ते सरळ डोळ्यांत. ती डोळे बारीक करून गाडी चालवायची. त्यात चिकूची जागरणं. डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा कधी उमटल्या, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

त्या दिवशी कँटीनमध्ये ती जेवलीच नाही. कंपनीत लाइनीवर तिच्या शेजारी काम करणाऱ्या रंभानं विचारलं, “काय गं, भांडलीस का घरी?”

“मला आजी म्हणाली एक बाई.”

“अगं बाई! मग मला तर पणजी म्हणेल!” रंभा हसली आणि पिशवीतून एक पांढरी डबी काढली. “हे लाव रात्री. आमच्या भिशीतली एक बाई घरी बनवते. सुरकुत्या गायब, चेहरा काचेसारखा.”

डबीवर ना नाव, ना तारीख. पण आधी चेहरा खरंच उजळला. स्वरूपा आरशासमोरून हलेना. मग एक दिवस मी तिच्या गालाला लागलो आणि ती “आई गं!” म्हणून ओरडली. मी इतका मऊ, आणि तिला टोचलो! गाल लाल झाले, साल निघायला लागली.

खरी भीती पुढेच होती. चिकू झोपताना आईच्या गालाला गाल लावून झोपायचा. त्याच्याही गालावर आणि गळ्यावर लाल पुरळ उठलं. स्वरूपाच्या डोक्यात एकच घोळायला लागलं: माझ्या क्रीममुळे लेकराला झालं. आता डाग राहतील. डोळ्यांत गेलं असलं तर? कुणाला सांगायची सोय नव्हती. तिनं काय केलं, तर घरातही मला तोंडाला बांधायला सुरुवात केली, चिकूचा गाल लागू नये म्हणून.

चिकू नुसते डोळे बघून घाबरला. आईकडं जाईना, त्याला सांभाळायला गावाहून आलेल्या आजीलाच चिकटला.

सासूबाई, कस्तुराबाई, चिडल्या. “काय करायलीस गं? घरात कशाला तोंड बांधायलीस? लेकरू भ्यायलंय! दरोडा घालायला निघालीस का?”

तेव्हा स्वरूपा रडली. मी पार भिजलो. आजी नाही, आईच दिसावं म्हणून केलेला सगळा खटाटोप, आणि लेकराला आईच दिसेना.

कस्तुराबाईंनी माझी गाठ सोडली, चेहरा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, “चल, ऊठ. दवाखान्यात.”

सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी चिकूला पाहिलं. स्वरूपानं श्वास धरला होता.

“घामोळं आहे हो. सुती कपडे घाला, गळ्याखाली कोरडं ठेवा. जाईल.”

“क्रीमनं नाही ना?” स्वरूपानं डबी पुढे केली.

“नाही. पण नशीब समजा. ही डबी आजपासून बंद.”

स्वरूपानं सोडलेला तो श्वास मी तिच्या मांडीवर पडल्यापडल्या अनुभवला. असा हलका वारा मला स्कूटीवरही कधी लागला नव्हता.

“असल्या डब्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते. बंद केल्यावर तुमचा चेहरा थोडे दिवस चिडेल. घाबरू नका, मला दाखवत राहा.”

“आणि या सुरकुत्या?” स्वरूपानं हळूच विचारलं.

“त्या कुणाच्याच थांबत नाहीत. हळू येतील एवढं बघायचं. चेहरा बरा झाला की रोज बाहेर पडताना सनस्क्रीन, तीस एसपीएफच्या वरचं. रात्री साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. मेडिकलमधलं स्वस्तातलं चालेल. डोळ्यांना गॉगल. आणि हा स्कार्फ चांगलाच आहे, फक्त रोज धुवा.”

माझं नाव निघालं! मी फुगलोच.

गॉगल घरी आला तशा कस्तुराबाई म्हणाल्या, “आता हिरॉईन व्हायलीस होय!” दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी तो स्वतःच लावला. आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मी खुंटीवरून सगळं बघत होतो.

आता मी विटलोय. फुलं फिकी झालीत, एक कड उसवलीय. पण रोज धुतला जातो आणि घरात खुंटीवरच असतो. चिकू आईच्या डोळ्यांकडेच्या रेषांवर बोट फिरवतो. ती हसते तेव्हा त्या जास्तच उमटतात, मग तोही हसतो.

परवा पुढच्या लसीला गेलो. दारातच स्वरूपानं गॉगल काढला, मला सोडलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. आतून नर्सची हाक आली, “बाळाची आई कोण?”

“मीच की!” केवढ्या मोठ्यानं म्हणाली! पिशवीत बाटलीखाली दबून मी ऐकलं.

तुमच्या लाइनीवर, भिशीत, शेजारी कुणी बिननावाची डबी लावत असेल, तर तिला हे माझं नाव घेऊन सांगा. रागवू नका, नुसतं सांगा. उन्हात तोंड जरूर झाका. घरात मात्र लेकराला दिसू द्या.