पान कडू, फळ नाही
काकडीच्या बियाण्याच्या कंपनीत तिला सगळे चवताई म्हणत. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, हुद्दा संशोधकाचा, पण काम जिभेचं. रोप दोन पानांवर आलं, की पानाचा कोपरा खुडून चावायचा, थुंकायचा आणि कडू लागलं तर रोप उपटायचं. कितीही चुळा भरा, कडूपणा जिभेवर ठाण मांडून बसे. संध्याकाळी नवऱ्याने मन लावून केलेली भाजीही कडूच लागे.

"हल्ली माझं काहीच तुला गोड लागत नाही," एकदा तो म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

एवढं सोसल्यावर यंदा अख्ख्या शेडमध्ये एकही कडू रोप उरलं नाही. साहेब खूश. चवताईने त्यांना आधीच सांगून पाहिलं होतं, की झाडाने कडूपणा आपल्याला छळायला बनवलेला नाही, तो किडीला दूर ठेवायला आहे. काही वेलींचं पान कडू असतं, पण फळ नसतं; तेवढ्या तरी राखू या. साहेबांनी विषय उडवून लावला. पान कडू निघालं तर फळाचा काय भरवसा, म्हणाले. मग त्या वेलीही तिने आपल्याच हाताने उपटल्या.

आणि लाल कोळी आले. टाचणीच्या टोकाएवढे जीव, पण बघता बघता पानं पिवळी पडली, शेंड्यांवर जाळी धरली. औषध मारलं की जरा दम खायचे, की पुन्हा हजर. शेजारच्या शेडमधल्या जुन्या वाणाच्या कडू वेलींना मात्र त्यांनी फारसं तोंड लावलं नव्हतं.

साहेबांनी तिलाच फैलावर घेतलं. शेडमध्ये स्वच्छता नाही, पाण्याकडे लक्ष नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्यांना शेजारी घेऊन गेली आणि तिथलं एक पान तोडून पुढे केलं.

"चावा."

साहेबांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कोळ्यांनाही ते आवडत नाही," ती म्हणाली. "आपण आवडेल असं करून ठेवलंय."

साहेब थुंकले, तोंड पुसलं. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. नव्याने सुरू करा, एवढंच म्हणाले, आणि लवकर.

पुन्हा पहिल्यापासून. जुन्या कडू वाणाशी संकर, पुन्हा पानं चावणं, फक्त या वेळी कडू नसलेली रोपं उपटायची. फळं धरली तेव्हा तिला आपल्या जिभेचा भरवसा उरला नव्हता. सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याला शेडवर आणलं. तो कुरकुरत एकेक काकडी चाखत गेला, तोंड वाकडं करत थुंकत गेला. शेवटी एका वेलीपाशी थांबला.

"ही चांगली आहे."

तिने त्या वेलीचं पान चावलं. कडूजहर. हेच हवं होतं. पण आनंदाआधी तिला आठवल्या त्या उपटून टाकलेल्या अशाच वेली. तिने वेलीला लाल दोरा बांधला आणि नवऱ्याला पुढची काकडी कापून दिली.