परदेशात वाजलेली शिट्टी

मी पाच लिटरचा कुकर, आणि मी मार खाऊनच जन्माला आलोय. सुप्याच्या एमआयडीसीत अॅल्युमिनियमची सपाट चकती मशीनखाली ठेवली, वरून दणका बसला आणि माझं पोट तयार झालं. तेव्हापासून माझं डोकं जरा गरमच असतं.

राहुरीच्या मालनबाईंनी मला घेतलं ते लेकीसाठी. पूजा डॉक्टर व्हायला परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठात निघाली होती. बॅग जड झाली तेव्हा मालनबाईंनी स्वेटर बाहेर काढलं, मला नाही. माझ्या पोटात शेंगदाण्याची चटणी कोंबत म्हणाल्या, "रोज डाळभात लावायचा. उपाशीपोटी कुनी डाक्टर झालंय व्हय?"

तिथं हॉस्टेलच्या खोलीत कोपरगावची हुमेरा भेटली. गावाकडं दोघींची ओळखही नव्हती, तिकडं एका ताटात जेवायला लागल्या. खोलीत स्वयंपाकाला बंदी, म्हणून आमची इलेक्ट्रिक शेगडी बाथरूममध्ये लपवलेली. दोघी हाडांची नावं घोकायच्या आणि मधूनच माझ्या शिट्ट्या मोजायच्या. तिकडच्या लोकांनी असला आवाज कधी ऐकलेला नव्हता. आधी ते दचकले, मग हसले, आणि शिट्टी वाजली की ती भारतीय मुलींची खोली, हे अख्ख्या इमारतीला पाठ झालं.

पाच वर्षं अशी गेली. मग एका दुपारी शहरात आवई उठली, की परदेशी पोरांनी इथल्या कुणाला तरी मारलं. खरं-खोटं कोण विचारतो? काचा फोडत जमाव हॉस्टेलात शिरला. खालच्या मजल्यावर दारं तुटत होती, पोरं किंचाळत होती. पूजानं कडी घातली, दोघींनी कपाट दाराला लावलं, मोबाईल बंद केले आणि पलंगाखाली शिरल्या. मी शेगडीवर आहे, एवढंच दोघी विसरल्या.

माझ्या पोटात वाफ दाटत होती. मी ती जिवाच्या आकांतानं धरून ठेवली. बाहेरची पावलं आमच्या दारावरून पुढं निघाली होती, आणि मी वाजलो.

पावलं थांबली.

"पूजा, कुकर..." हुमेरा कशीबशी पुटपुटली.

दार फुटलं, कपाट आडवं झालं. दोघांनी हुमेराला केसाला धरून ओढलं. लोखंडी गज तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला बाथरूममध्ये ऐकू आला. पूजा पळत आत आली. मला वाटलं, शेगडी बंद करेल. तिनं मला दांड्याला धरून उचललं आणि बाहेर येऊन पहिल्याच्या तोंडावर हाणलं. त्याचे दात फरशीवर पडले. माझी शिट्टी उडाली, वाफ दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेली आणि तो गुरासारखा ओरडला.

"सोड तिला! मुडदा पाडीन तुजा!" पूजा राहुरीच्या भाषेत किंचाळत होती आणि मला हाणतच होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोघं रक्त गाळत पळाले. माझ्या पोटाला पोचा आला, तो अजून आहे.

पूजा राहुरीला परतली. शेवटचं वर्ष तेवढं राहिलंय. "जीव वाचला, बास झालं. आता न्हाई जायाचं," तिचे वडील बन्सी म्हणाले. पूजानं वाद घातला नाही. शेजारी कुठं कुकर वाजला की ती पलंगाखाली शिरायची. मालनबाईंनी मला माळ्यावर टाकलं आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागल्या.

काल कोपरगावहून हुमेराचा फोन आला. तिच्या हातात मोडलेलं हाड जोडायला घातलेली सळई आहे. "मी चालले परत. तुजं काय?"

"तुजा हात माझ्यामुळं गेला."

"हात हाय अजून. डोकं फोडायला पुरतो. येतीस का न्हाई, ते सांग."

आज सकाळी पूजानं स्वतः मला खाली काढलं. नवी शिट्टी, नवं रबर बसवलं, डाळ घातली, गॅस पेटवला. पहिली शिट्टी झाली तशी ती कान दाबून ओट्याखाली मटकन बसली. मालनबाई गॅसकडं धावल्या.

"आई, बंद नको करू." पूजा ओट्याला धरून उठली. "होऊ दे अजून एक."

माझ्या पोटात पुन्हा वाफ दाटतेय. पोरी, घट्ट उभी राहा. मी वाजणार आहे.