सत्तर टक्क्यांवर अडलेले विमान

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट दोन हजार चार सालची आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला आठवते ते घरच. घरातले बाबा विमानांचे मेकॅनिक. जन्मभर विमाने दुरुस्त केली, पण उडत्या विमानात कधी बसले नाहीत. निवृत्त झाले आणि त्यांची नजर विझत चालली. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा बाबांनी मुलीजवळ एकच हट्ट धरला, "दिसतंय तोवर धावपट्टी एकदा वरून बघायचीय. खालून खूप पाहिली."

मुलीने विमान चालवण्याच्या खेळाच्या सीडी आणल्या. मी एकेक गिळू लागलो. सत्तर टक्क्यांवर हिरवी पट्टी थांबली. मुलीने सीडी पुसली, जुनी गाणी काढून जागा केली, मला बंद करून पुन्हा चालू केले. पुन्हा सत्तरवरच गाडी अडली.

"हे विमान उडायच्या आधीच माझ्यासारखं निवृत्त झालं," बाबा म्हणाले.

"काहीतरीच बोलू नका. चला, चहा घ्या," आई म्हणाली.

या आईने माझ्या डब्यासाठी निळ्या लोकरीचे कव्हर विणले होते. मला धूळ लागू नये म्हणून केवढी जपायची. सगळे चहाला उठले की जाता जाता ती ते माझ्यावर ओढून जाई. माझा पंखा कोंडे, अंग तापे, सुचेनासे होई. मी टेबलाखाली, मुलीचे डोळे वर पडद्यावर. सांगणार कोणाला?

शेवटी मुलगी म्हणाली, "दुकानातून बदलून आणते. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांनी मला पडदा दिसायला हवा ना," बाबा हळूच म्हणाले.

 आई उगाच माझे कव्हर सारखे करायला वाकली आणि तिचा हात थबकला.

"अगं बाई, हा तर तव्यासारखा तापलाय. मीच याचं नाक दाबून धरलं होतं."

तिने कव्हर काढले, टेबलफॅन माझ्याकडे वळवला. मी पोटभर श्वास घेतला. मुलीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी पट्टी सत्तर ओलांडून थेट शंभरावर गेली.

बाबांनी खेळातले विमान वळवायचा दांडा धरला. विमान उठले, वळले, आणि खाली धावपट्टी दिसली. बाबांनी पडद्याला नाक टेकवले.

"एवढीशी? रिबिनीएवढी? हिच्यावर मी चपला झिजवल्या."

"उतरवलंत कुठे?" आईने विचारले.

"शेतात. दुरुस्तीला मी आहेच की."

पुढल्या वर्षी त्यांची नजर गेली. मग आई शेजारी बसून आकडे वाची आणि बाबा विमान चालवीत. "उंची?" "दोन हजार. आणि पुढे डोंगर आहे हो." आता दोघेही नाहीत. मुलगी दुसऱ्या गावी संगणक शिकवते आणि पहिल्या दिवशी मुलांना यंत्राचा पंखा कुठे असतो ते दाखवते. मी तिच्या माळ्यावर आहे. कव्हर उसवून आईने बाबांच्या खुर्चीची गादी विणली होती, तीही माझ्याशेजारीच आहे.

मित्रांनो, वस्तू असो की माणूस, ज्याला जपता त्याच्या अंगाला अधूनमधून हात लावून बघा. ते बोलणार नाही, पण तापले असेल तर हाताला कळते.